उंच इमारतींतील अग्निजलवाहिन्या : उभारणी आणि निगा

सेंट जॉर्ज किल्ल्याच्या उत्तरेस, बंदराला लागून वसलेली जॉर्ज टाउन ही चेन्नई शहरातील जुनी व्यापारी पेठ होय. पूर्वी तिला ब्लॅक टाउन म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचम जॉर्ज यांच्या नावावरून तिचे नामांतर झाले. गोडाउन स्ट्रीटवर कापडाचे ठोक व्यापारी, अँडरसन स्ट्रीटवर कागद आणि लग्नपत्रिका, नैनियप्पा नायकन स्ट्रीटवर रसायने व सुगंधी द्रव्ये, असा येथील गल्लीगल्लीचा व्यवसाय ठरलेला आहे. सौकारपेट भागात गुजराती व मारवाडी पेढ्यांच्या शेजारी सोनेचांदी गाळून शुद्ध करणारे मराठी गलाई व्यावसायिकही आढळतात. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून ही मंडळी पोटापाण्यासाठी देशभर पसरली, त्यांपैकीच ही काही कुटुंबे. मुंबईतील काळबादेवी-भुलेश्वर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना जॉर्ज टाउनचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. खाली दुकान, वर कोठार, त्याच्यावर बिऱ्हाड, आणि समोरच्या इमारतीतील माणसाच्या हातात वस्तू देता येईल इतकी अरुंद गल्ली.

अशा पेठेत आग लागली तर पाणी कोठून येणार, हा प्रश्न नवा नाही. किल्ल्याला पाणी पुरविण्यासाठी १७७२ साली या वस्तीच्या उत्तर भागात विहिरी खोदण्यात आल्या. ही योजना ‘सेव्हन वेल्स’, म्हणजे सात विहिरी, या नावाने प्रसिद्ध असली तरी नोंदींनुसार विहिरी दहा होत्या. सुमारे १६ फूट व्यासाच्या या विहिरींतून लाटेने पाणी उपसले जाई व दिवसाकाठी सुमारे १ लाख ४० हजार गॅलन, म्हणजे साधारण ६ लाख ३५ हजार लिटर पाणी मिळे. आजच्या उंच इमारतीत बसविला जाणारा एक मुख्य अग्निशमन पंप मिनिटाला २,२८० लिटर पाणी फेकतो. त्या हिशेबाने किल्ल्याचा दिवसभराचा पाणीपुरवठा हा एकच पंप पाच तासांच्या आत संपवून टाकील. आगीला किती पाणी लागते आणि ते किती थोड्या वेळात लागते, याची कल्पना या तुलनेवरून यावी. एवढे पाणी ऐन वेळी गोळा करता येत नाही. ते आधीपासून इमारतीतच साठवून, नळांतून प्रत्येक मजल्यावर नेऊन ठेवावे लागते. ही व्यवस्था कशी उभारतात आणि तिची निगा कशी राखतात, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

उंचीचा अर्थ

पाणी वर चढविण्यासाठी दाब लागतो, आणि त्याचा हिशेब अगदी सोपा आहे. दर १० मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे १ किलोग्रॅम दाब खर्ची पडतो. जॉर्ज टाउनमधील मद्रास उच्च न्यायालयाच्या इमारतीचेच उदाहरण घेऊ. तिच्या मुख्य घुमटावर १८९४ पासून १९७७ पर्यंत बंदराचा दीप तेवत असे. या दीपस्तंभाची उंची १७५ फूट, म्हणजे सुमारे ५३ मीटर. तेवढ्या उंचीवर पाणी नुसते पोचविण्यासाठीच ५.३ किलोग्रॅम दाब हवा. परंतु नळाच्या तोंडातून थेंब थेंब गळणाऱ्या पाण्याने आग विझत नाही. आगीवर जोरदार झोत पडावयाचा तर सर्वांत वरच्या जोडावर निदान साडेतीन किलोग्रॅम दाब शिल्लक राहिला पाहिजे. वाहिनीतील वळणे, झडपा आणि घर्षण यांत आणखी सुमारे एक किलोग्रॅम जातो. म्हणजे तळाच्या पंपाने जवळजवळ १० किलोग्रॅम दाब निर्माण केला पाहिजे. रस्त्याखालच्या नळातील पाणी अनेक ठिकाणी पहिल्या मजल्यावरही आपोआप चढत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे उंच इमारतीचा प्रश्न किती निराळा आहे ते समजते.

मग बंबाचा होज जिन्यावरून वर नेता येणार नाही काय? नेता येतो, पण थोड्या मजल्यांपर्यंतच. अग्निशमन दलाचा नेहमीचा होज ६३ मिलिमीटर व्यासाचा असतो. पाण्याने भरलेल्या अशा १५ मीटर लांबीच्या एका तुकड्यात सुमारे ४७ किलोग्रॅम पाणी असते. बाराव्या मजल्यापर्यंत जाण्यासाठी असे कित्येक तुकडे एकमेकांना जोडावे लागतील. धुराने भरलेल्या जिन्यात, वरून माणसे खाली उतरत असताना, हे ओझे ओढीत नेणे जवळजवळ अशक्य असते. शिडीलाही मर्यादा आहेत. ती ठरावीक उंचीपर्यंतच जाते आणि ती उभी करण्यास मोकळी जागा लागते. चेन्नईतील अण्णा सालै रस्त्यावरची आयुर्विमा महामंडळाची १७७ फूट उंचीची इमारत १९५९ साली पुरी झाली, तेव्हा देशातील सर्वांत उंच इमारतींत तिची गणना होत होती. १९७५ सालच्या जुलै महिन्यात तिला मोठी आग लागली आणि उंच इमारतीतील आगीचा प्रश्न या शहरासमोर प्रत्यक्ष उभा राहिला.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार १५ मीटर वा त्याहून अधिक उंचीची इमारत ‘उंच’ समजली जाते. तमिळनाडूच्या २०१९ सालच्या एकत्रित विकास व बांधकाम नियमांत ही मर्यादा १८.३० मीटर आहे. परंतु उंची केवळ मीटरपट्टीने मोजून भागत नाही. ज्या गल्लीत बंबच शिरू शकत नाही, तेथील चौथा मजला हा व्यवहारात फार उंच मजला असतो. जॉर्ज टाउनच्या बाबतीत हे विधान विशेष लागू पडते. त्याचा विचार आपण पुढे करू.

तीन प्रकारच्या वाहिन्या

इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत जाणाऱ्या आणि प्रत्येक मजल्यावर जोड असलेल्या लोखंडी नळाला अग्निशमनाच्या परिभाषेत ‘रायझर’ म्हणतात. आपण त्याला उभी वाहिनी म्हणू. तिचे तीन प्रकार आहेत.

पहिली कोरडी वाहिनी. हिच्यात एरवी पाणी नसते. इमारतीच्या दर्शनी बाजूस, जमिनीपासून कमरेच्या उंचीवर, हिचे तोंड असते. बंब आला म्हणजे जवान त्या तोंडाला होज जोडतात आणि बंबाच्या पंपाने पाणी वर चढवितात. वाहिनी १०० मिलिमीटरची असेल तर दोन तोंडे आणि १५० मिलिमीटरची असेल तर चार तोंडे ठेवण्याची रीत आहे.

दुसरी ओली वाहिनी. ही सदैव पाण्याने भरलेली आणि दाबाखाली असते. तळाच्या टाकीतून पंप तिला पाणी पुरवितो. मजल्यावरची झडप उघडताच पाणी मिळते; बंबाची वाट पाहावी लागत नाही. हिलाही बाहेरून जोडावयाची तोंडे असतातच. टाकी संपली किंवा पंप बंद पडला, तर बंबाला त्यांतून पाणी भरता यावे, हा त्यांचा हेतू.

तिसरी उतरती वाहिनी. हिचे पाणी गच्चीवरील टाकीतून खाली येते. खालच्या मजल्यांना उंचीमुळे आपोआप दाब मिळतो, पण टाकीच्या लगत खालच्या मजल्यावर तो नगण्य असतो. टाकी तीन मीटर वर असेल तर दाब अवघा ०.३ किलोग्रॅम. म्हणून गच्चीवर एक लहान पंप बसवावा लागतो. तो मिनिटाला ९०० लिटरचा असावा असा प्रघात आहे.

या तिन्ही प्रकारांतील भेद केवळ तांत्रिक नाही. प्रत्येक वाहिनी कशावर तरी विसंबून असते. कोरडी वाहिनी रस्त्यावर विसंबते, कारण बंब जवळ येईल असे ती गृहीत धरते. ओली वाहिनी तळाची टाकी आणि पंप यांवर, आणि उतरती वाहिनी गच्चीवरील टाकीवर विसंबते. इमारतीसाठी वाहिनी निवडताना या तिहींपैकी कोणत्या गोष्टीची खात्री देता येईल, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

वाहिनीच्या जोडीला आणखी दोन साधने असतात. ‘होज रील’ म्हणजे चाकावर गुंडाळलेली बारीक रबरी नळी. ती सामान्य रहिवाशालाही एकट्याने ओढून वापरता येते आणि आग लहान असतानाच उपयोगी पडते. मात्र विजेच्या उपकरणाला आग लागली असेल तर आधी वीजप्रवाह तोडला पाहिजे. दुसरे साधन ‘स्प्रिंकलर’. छताला बसविलेल्या या तोटीच्या तोंडाशी काचेची लहानशी कुपी असते. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या प्रकारात ती सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी फवारले जाते. एक तोटी उघडली म्हणजे सगळ्या उघडतात, ही समजूत चुकीची आहे. जिच्यापाशी उष्णता पोचते तीच उघडते.

पाण्याचा साठा

आगीसाठीचे पाणी वेगळे राखून ठेवावे, हे सांगणे सोपे. पण पाणीटंचाईच्या शहरात ते पाळणे कठीण. १०० मिलिमीटरचा नळ आणि चकाकणारा पंप सर्वांना दिसतो, टाकी मात्र जमिनीखाली असते. २०१९ सालच्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी देणारे पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि शहर टँकरवर जगले. अशा दिवसांत भरलेली टाकी नजरेसमोर असताना तिला हात लावू नये, असे रहिवाशांना नुसते सांगून भागत नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेला उपाय साधा आणि सुरेख आहे. बाहेरून येणारे पाणी प्रथम आगीच्या टाकीत सोडावयाचे. ती काठोकाठ भरली म्हणजे वरून ओसंडणारे पाणी घरगुती वापराच्या टाकीत जाईल. घरगुती पंपाचा नळ दुसऱ्या टाकीतच बसवावयाचा. यामुळे टंचाईतही आगीचा साठा रिता होत नाही, आणि पाणी सतत वाहते राहिल्याने ते कुजतही नाही. माणसाच्या सदिच्छेवर जे सोपविता येत नाही ते नळांच्या मांडणीवर सोपविले, तर व्यवस्था अधिक टिकते.

साठा किती असावा, हे इमारतीची उंची आणि वापर यांवरून संहितेने ठरविलेले असते. वाचकाला स्वतः हिशेब करता येईल. ५० हजार लिटरची टाकी २,२८० लिटरच्या पंपाला सुमारे २२ मिनिटे पुरेल. एक लाख लिटरची टाकी सुमारे ४४ मिनिटे. बंब येऊन बाहेरच्या तोंडांतून पाणी भरू लागेपर्यंतचा हा अवधी आहे. टाकी अर्धी असेल तर अवधीही अर्धा.

पंप

ओल्या वाहिनीवर साधारणतः तीन पंप असतात. पहिला छोटा, मिनिटाला १८० लिटरचा. याला ‘जॉकी पंप’ म्हणतात. सांध्यांतून थोडीफार गळती होऊन दाब कमी झाला, तर तो भरून काढणे एवढेच याचे काम. दुसरा विजेवर चालणारा मुख्य पंप आणि तिसरा त्याच शक्तीचा डिझेलवर चालणारा. आगीत वीज तोडावी लागते किंवा ती आपोआप जाते. म्हणून डिझेलचा पंप ही चैन नव्हे.

तिघांची व्यवस्था दाबाच्या उतरंडीने लावलेली असते. उदाहरणादाखल, वाहिनीत १० किलोग्रॅम दाब राखावयाचा आहे असे समजा. दाब साडेनऊवर आला की जॉकी पंप सुरू व्हावा व दहावर आपोआप थांबावा. कोणी मजल्यावरची झडप उघडली तर गळतीपेक्षा कितीतरी अधिक पाणी जाईल, जॉकी पंपाला ते झेपणार नाही, आणि दाब साडेआठवर उतरताच विजेचा मुख्य पंप सुरू होईल. तोही सुरू न झाल्यास साडेसातवर डिझेलचा पंप चालू होईल. मुख्य पंप आपोआप सुरू झाला तरी तो आपोआप थांबता कामा नये. आग विझल्याची खात्री करून माणसानेच तो हाताने बंद करावा, असा दंडक आहे.

येथे एका नेहमी आढळणाऱ्या दोषाचा उल्लेख केला पाहिजे. जॉकी पंप दर काही मिनिटांनी सुरू होऊ लागला, तर कोठेतरी गळती आहे असा त्याचा अर्थ. ती शोधून काढणे हे कष्टाचे काम. त्याऐवजी पंपघरातील माणूस वारंवार होणाऱ्या आवाजाला आणि वीजबिलाला कंटाळून नियंत्रण-पेटीवरील खटका ‘स्वयंचलित’ वरून ‘हस्तचलित’ कडे, किंवा थेट ‘बंद’ कडे फिरवितो. आवाज थांबतो. हळूहळू वाहिनीतील दाब उतरतो आणि संपूर्ण यंत्रणा निर्जीव होते. नळ तसेच लाल, झडपा तशाच चकचकीत. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही.

उभारणी

भारतात या कामासाठी आय.एस. ३८४४ हे मानक आहे. इमारतीतील हायड्रंट आणि होज रील यांची उभारणी व निगा हाच त्याचा विषय असून त्याची सुधारित आवृत्ती १९८९ साली निघाली. तपशील अभियंत्यांसाठी आहेत. त्यांमागील तत्त्वे मात्र कोणालाही समजण्याजोगी आहेत.

वाहिनी जिन्यालगत असावी, म्हणजे जवानाला सुरक्षित जागी उभे राहून होज जोडता येतो. मजल्यावरची झडप फरशीपासून सुमारे एक मीटर उंचीवर असावी. तिच्या तोंडाचा व्यास ६३ मिलिमीटर, दलाच्या होजशी जुळणारा. जोड जुळला नाही तर बाकी सारे व्यर्थ. झडपेशेजारच्या पेटीत होज, नोझल आणि होज रील ठेवावी. मजल्याचे क्षेत्रफळ मोठे असल्यास एकाहून अधिक वाहिन्या लागतात, कारण कोणताही कोपरा होजच्या टप्प्याबाहेर राहता कामा नये.

नळ जाड लोखंडाचा घेतात. १५० मिलिमीटरच्या वाहिनीत दर मीटरला सुमारे साडेसतरा लिटर पाणी मावते. ४५ मीटर उंचीच्या वाहिनीत केवळ पाण्याचेच वजन सुमारे ८०० किलोग्रॅम होते. नळाचे वजन निराळे. पंप अचानक सुरू होताना बसणारा धक्का त्याहून निराळा. म्हणून प्रत्येक मजल्यावर आधार द्यावा लागतो. तळाशी पाणी सोडण्याची झडप आणि माथ्यावर हवा सोडण्याची झडप असते. माथ्यावर हवा कोंडून राहिली तर पाणी धक्के देत येते. पंपाच्या पुढे पाणी मागे न परतू देणारी एकदिशा झडप असते. वाटेतील तोडझडपा नेहमी उघड्या ठेवून त्यांना साखळी व कुलूप लावतात, कारण एक बंद झडप साऱ्या यंत्रणेला बाद करू शकते.

जॉर्ज टाउनसारख्या समुद्रकाठच्या वस्तीत गंजाचा प्रश्न विशेष आहे. खारी हवा नळाला बाहेरून खाते, खारट भूजल आतून. जमिनीतून जाणाऱ्या नळाला डांबरी पट्टीचे वेष्टन द्यावे लागते, उघड्या नळाला वेळोवेळी रंग. टाकीत भरावयाचे पाणी शक्यतो गोडे असावे. भरलेल्या नळातील पाण्यात असलेला प्राणवायू काही काळाने संपतो आणि गंजण्याची क्रिया मंदावते. विनाकारण पुन:पुन्हा नळ रिकामा करून भरला तर दर वेळी नवा प्राणवायू आत जातो. निगा राखताना हेही स्मरणात ठेवावे.

काम पुरे झाल्यावर प्रथम वाहिनी धुऊन काढतात. वेल्डिंगचे कण, वाळू, क्वचित कारागिरांनी विसरलेला चिंधीचा बोळाही बाहेर पडतो. नंतर नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तो दोन तास टिकतो की नाही ते पाहण्याची रूढ पद्धत आहे. रंग या परीक्षेनंतर द्यावा, कारण रंगाखाली लहान गळती झाकली जाते.

निगा

घरातील पाण्याचा नळ बिघडला तर तासाभरात कळते, कारण तो रोज वापरला जातो. अग्निजलवाहिनी वर्षानुवर्षे वापराविना उभी असते. ती चालते की नाही हे तिच्याकडे पाहून कळत नाही. तिच्यातून पाणी सोडूनच कळते. या विषयातील सर्व नियमांचे सार या एका वाक्यात आहे.

आठवड्यातून एकदा दोन्ही मुख्य पंप चालवून पाहावेत. खटका दाबून नव्हे, तर झडप किंचित उघडून, दाब उतरताच ते आपोआप सुरू होतात की नाही हे पाहावे. डिझेल पंपाची बॅटरी आणि इंधनाची पातळी तपासावी. हा पंप बहुधा बॅटरीमुळेच दगा देतो. टाकीचे झाकण उघडून पाणी डोळ्यांनी पाहावे. महिन्यातून एकदा सर्वांत वरच्या झडपेला होज व नोझल जोडून गच्चीवर पाणी सोडावे. खालच्या मजल्यावरचे पाणी काहीच सिद्ध करीत नाही. परीक्षा नेहमी सर्वांत दूरच्या टोकाची घ्यावी. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक झडप पूर्ण उघडून बंद करावी, म्हणजे ती जागच्या जागी आवळून बसत नाही. होज बाहेर काढून, उलगडून, नव्या घडीवर पुन्हा ठेवावेत. तीच घडी वर्षानुवर्षे राहिली तर तेथेच कापड फाटते. पेटीतील पितळी नोझल मोडीच्या बाजारात विकले जाते, म्हणून ते जागेवर आहे की नाही हे दर फेरीत पाहावे. बाहेरच्या तोंडांसमोर दुचाकी, हातगाडी किंवा फळकुटे नसावीत.

महाराष्ट्रातील वाचकांना हे ठाऊक असावे की, राज्याच्या २००६ सालच्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमान्वये इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्यास जबाबदार आहे. परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, तसे प्रमाणपत्र घेऊन त्याला सादर करावे लागते. प्रमाणपत्र आवश्यक आहे. परंतु त्यावरील सही आणि गच्चीवरील झोत या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तीन उदाहरणे

यंत्रणा असूनही काय घडू शकते, याची तीन परदेशी उदाहरणे अभ्यासण्यासारखी आहेत.

४ मे १९८८ रोजी लॉस एंजेलिसमधील फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर आग लागली आणि ती सोळाव्या मजल्यापर्यंत चढली. इमारतीत स्प्रिंकलर बसविण्याचे काम बहुतांश पुरे झाले होते. पण इशारा देणारी साधने बसावयाची राहिली असल्याने झडपा बंद ठेवलेल्या होत्या. तोट्या छताला होत्या. पाणी त्यांच्यापर्यंत पोचले नाही. एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तेथे उभ्या वाहिनीच्या जोडांवर दाब कमी करणाऱ्या झडपा होत्या. अतिदाबाने होज जवानाच्या हातून सुटू नये म्हणून त्या बसवितात. पण येथे त्या चुकीच्या मापावर लावलेल्या होत्या, आणि झोत आगीपर्यंत पोचेना इतका क्षीण झाला. तीन जवान मृत्युमुखी पडले. आठ मजले जाळून ही आग तिसाव्या मजल्यावर थांबली. त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते. बंबाने पुरविलेल्या पाण्यावर अवघ्या दहा तोट्या उघडल्या आणि त्यांनी तिला रोखले. एकाच इमारतीत, एकाच रात्री, न तपासलेली झडप आणि पाणी मिळालेली तोटी यांतील अंतर सर्वांना दिसले.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जण मरण पावले. आग पसरण्याचे मुख्य कारण बाहेरचे ज्वालाग्राही आवरण हे होते. तथापि सुमारे ६७ मीटर उंचीच्या या इमारतीत ओली नव्हे तर कोरडी वाहिनी होती, हेही पुढे प्रकाशात आले.

पुन्हा जॉर्ज टाउन

आता आपण आरंभीच्या पेठेकडे वळू. जॉर्ज टाउनच्या पूर्वेचा राजाजी सालै हा बंदरासमोरील रुंद रस्ता. त्यावरील मुख्य टपाल कचेरीला २००० सालच्या ऑक्टोबरात आणि स्टेट बँकेच्या शतकापूर्वीच्या इमारतीला २०१४ सालच्या जुलैत मोठी आग लागली. दोन्ही इमारती फार उंच नव्हत, आणि बंबांना उभे राहावयास समोर रस्ता होता. आतल्या गल्लीत, कापडाच्या गाठींनी किंवा कागदाच्या रिमांनी भरलेल्या चौथ्या मजल्यावर आग लागली, तर ती सोय नाही. तेथे कोरडी वाहिनी कामाची नाही, कारण ती ज्या रस्त्यावर विसंबते तोच नाही. ओली किंवा उतरती वाहिनी आणि होज रील हेच उपाय उरतात. पण बहुतेक इमारती कायद्याच्या उंचीमर्यादेखाली असल्याने उंच इमारतींना लागू होणारी सक्ती त्यांच्यावर नसते. नियमाची पट्टी आणि धोक्याची पट्टी येथे जुळत नाहीत.

हा प्रश्न एकट्या जॉर्ज टाउनचा नाही. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेली आग विझविताना इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी प्राणास मुकले. अशा पेठांत आग मोठी झाल्यावर तिच्याशी झुंजण्याची किंमत फार जबर असते. म्हणून ती लहान असतानाच तिच्यावर पाणी पडले पाहिजे, आणि ते पाणी इमारतीतच असले पाहिजे. गच्चीवर राखीव टाकी, एक लहान पंप, एक उतरती वाहिनी आणि मजल्यामजल्यावर होज रील, एवढी व्यवस्था चारपाच मजल्यांच्या जुन्या इमारतीतही करता येण्याजोगी आहे. अर्थात इमारतीची ताकद तपासूनच टाकी चढवावी, कारण दर हजार लिटर पाण्यामागे एक टन भार वाढतो. जेथे रसायनांचा साठा आहे तेथे पाण्याऐवजी फेस लागतो काय, हेही अग्निशमन दलाला विचारून ठरवावे.

खरी अडचण बहुधा खर्चाची नसून मालकीची असते. खालचा गाळा एकाचा, कोठार दुसऱ्याचे, वर भाडेकरू, आणि मालक परगावी. अशा इमारतीत जिना कोणी झाडावयाचा यावर एकमत होत नाही, तेथे पंप कोणी चालवावयाचा? यास्तव प्रत्येक इमारतीत या कामासाठी एक माणूस नेमलेला असावा. त्याचे नाव, पंपघराची किल्ली कोठे आहे ते, आणि शेवटच्या परीक्षेची तारीख, या तीन गोष्टी प्रवेशद्वारापाशी फलकावर लिहाव्यात. १९४४ साली मुंबई गोदीतील भीषण स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात आपल्या इमारतीतील रहिवाशांनी गच्चीवर जमून सर्वांत वरची झडप उघडून पाहावी. पाणी जोरात आले तर यंत्रणा आहे असे समजावे. न आल्यास दोष कोठे आहे ते शोधण्यास त्या दिवशी हाताशी पुरेसा वेळ असतो; आगीच्या दिवशी तो नसतो.